भावाच्या फोनवरचा ओटीपी

मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. फॉर्म सोळा हाती पडला त्याच आठवड्यात, जून सरायच्या आत, मी माझं आयकर विवरणपत्र पहिल्यांदाच स्वतः भरलं. स्टाफरूममध्ये ही बातमी अगदी सहज, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं गाठून, सांगितली. शेवटच्या तारखेला सल्लागाराच्या दारात गर्दी करणाऱ्या सहकाऱ्यांची मला फार कणव यायची आणि ती मी लपवतही नसे.

जुलैत एकदा गणिताच्या बाईंनी विचारलं, "व्हेरिफाय केलं ना?"

"म्हणजे काय?" हा प्रश्न मी गिळला आणि घरी येऊन वाचलं. भरल्यापासून तीस दिवसांत ओटीपीनं पडताळणी केली नाही, तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात. माझे पाच दिवस उरले होते.

बटण दाबलं. ओटीपी गेला, पण तेल्हाऱ्याला, मोठ्या भावाच्या फोनवर. माझ्या लग्नाआधी गावात आधारचा कॅम्प लागला, तेव्हा त्यानं घरातल्या सगळ्यांच्या कार्डाला आपलाच नंबर देऊन टाकला होता. तो बदलायला मला सवड झाली नव्हती. वक्तशीर माणसाला सवड कुठून मिळणार?

भावाला फोन लावला. तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात होता.

"भाऊ, तुह्या फोनवर आकडा आला असंन, तेवढा सांग."

"तो ओटीपी हाय. कोणालेच सांगू नका म्हून खाली लिहिलं हाय."

"अरे, मी बोलून राहिली."

"आवाज तर तुहाच हाय. पण आजकाल लोक आवाजबी बनवून राहिले."

बँकेच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात माझा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. मी व्हिडिओ कॉल केला. चेहराही बनवता येतो, असं तिथं सांगितलं होतं म्हणे. मग लहानपणी त्याचा हात कसा मोडला ते सांगितलं. "ते साऱ्या गावाले माईत हाय," म्हणाला आणि फोन ठेवला. आयुष्यभर कोणाचं न ऐकलेल्या माणसानं नेमकं याच एका बाबतीत सरकारचं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी बसनं निघाले, अकोटला गाडी बदलली आणि दुपारी तेल्हाऱ्यात पोचले. वहिनीनं पातोडीची भाजी केली होती. जेवण होईस्तोवर फोनचं नाव काढायची सोय नव्हती. मग मी माझ्या फोनवर पुन्हा बटण दाबून नवा ओटीपी मागवला. भावानं मला नीट न्याहाळलं, खिशातून फोन काढला आणि एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला. पडताळणी झाली.

"आता झालं ना?" त्यानं विचारलं आणि माझ्यासमोर तो मेसेज पुसून टाकला.

निघताना मी म्हटलं, "आधारले माहाच नंबर लावून घेतो आता. तुले तरास नाही."

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "राहू दे ना. वर्साचं एक डाव येशीन तरी."

बसमध्ये बसल्यावर हिशेब केला, तर मागच्या खेपेला माहेरी येऊन दोन वर्षं झाली होती. आधार केंद्रावर पुढच्या आठवड्यात जायचं ठरवलं होतं. मग घटक चाचण्या आल्या. नंबर अजून त्याचाच आहे.