सुट्या सॉफ्टवेअरचे नवघरकर सर

नवघरकर सर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारत, "यातलं तुम्हाला काय नको?" सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस असं विचारतो म्हटल्यावर समोरचा आधी गोंधळायचा आणि मग मोकळेपणाने बोलू लागायचा. मी कॉलेजातून नुकती बाहेर पडून पनवेलच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, सरांच्या हाताखाली लागले होते. पहिल्याच आठवड्यात सरांच्या स्कूटरवर मागे बसून रोडपालीपासून पळस्प्यापर्यंतची गोदामं पालथी घातली.

सर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पत्नी गेल्यावर एकटेच राहत. मुलगी इस्रायलला नर्स होती. शनिवारी ते फोन उचलत नसत आणि रविवारी आम्ही उठायच्या आत त्यांचे चार मेसेज आलेले असत. "विकलं म्हणजे झालं नाही, वापरलं तर झालं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

आमचं सॉफ्टवेअर तेव्हा सगळं एकत्र होतं. गेटची नोंद, यार्ड, बिलं, हजेरी. घ्यायचं तर पूर्ण. सरांचं म्हणणं, त्याचे सुटे भाग करा, ज्याला जो लागेल तो त्याने महिन्याच्या भाड्याने घ्यावा. "लोक आता असंच मागतात." मालकांना धास्ती होती की सगळे एकेक भाग घेऊन बसतील. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एक गिऱ्हाईक आणून दाखवा. टिकलं तर करू. नाहीतर तुम्ही घरी."

सरांनी निवडलं तेही सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक, जासईच्या घरतताई. घरची पूर्वी मिठागरं होती, आता त्या बंदरातले कंटेनर ठेवायचं यार्ड चालवत. त्यांनी बाहेरच्या एका कंपनीचं भलंमोठं सॉफ्टवेअर घेतलं होतं; ते कुणालाच चालवता आलं नाही, तसंच पडून होतं.

"आमी एकदा फसलोय, सर. आता कंप्युटरचा नाव नको."

"नाही काढत. यार्डात भांडणं जास्त कुठे होतात?"

ताई हसल्या. "गेटवर. कुठला कंटेनर कुठं ठेवलाय, कोनालाच म्हाईत नाय."

"मग फक्त गेटचं घ्या."

आमच्या प्रोग्रामरनी तीन आठवड्यांत गेटचा भाग कापून वेगळा काढला. आणि पहिलाच ट्रेलर गेटवर आला तेव्हा स्क्रीन अडली. ती बिलाचा नंबर मागत होती, आणि बिलांचा भाग तर ताईंनी घेतलाच नव्हता. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. मी नेटवर्कचं कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "ताई, चूक आमची आहे. दोन दिवस द्या. तोवर गेटच्या नोंदी मी लिहितो."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "खोटा नाय बोललात म्हनून देते."

दोन दिवस सर उन्हात वही घेऊन उभे राहिले. तिथेच त्यांच्या लक्षात आलं की वॉचमन कंटेनरचा लांबलचक नंबर टाइप करताना चुकतो. त्यांनी तिथूनच प्रोग्रामरना फोन केला: बिलाची अट काढताय तोवर कंटेनरचा नंबरही फोटोवरून उचला. तिसऱ्या दिवशी वॉचमनने मोबाइल वर धरला, नंबर आला, यार्डातली जागा दिसली आणि ट्रेलर आत गेला. मग दुसरा, मग तिसरा. मी आणि वॉचमन एकमेकांना टाळ्या देत होतो. सर शांतपणे स्टुलावर बसून पाणी पीत होते.

दोनच महिन्यांत ताईंनी आपणहून यार्डाचा भाग मागितला. मग त्यांच्या दिराने, मग उरणकडच्या आणखी दोघांनी. रोज नवा फोन यायचा. मालकांनी दरपत्रक भागवार छापून घेतलं आणि ती कल्पना त्यांचीच होती असं सगळ्यांना सांगू लागले. सरांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या आग्रहाने सर कायमचे इस्रायलला गेले. विमानतळावर मी रडले तर म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकांना तुझं नाव कधीच सांगून ठेवलंय."

दुसऱ्याच दिवशी, ऑफिसला पोचायच्या आत, घरतताईंचा फोन आला. "पोरी, वजनकाट्याचा भाग पायजे. आजच ये."

असा भाग आमच्याकडे नव्हताच. "करून देतो" म्हणायचा मोह झाला. मी म्हटलं, "ताई, तो आमच्याकडे अजून नाहीये."

त्या म्हणाल्या, "बरा. मग काटा बघायला तरी ये."

मी तशीच जासईच्या रस्त्याला लागले.