आठ मागांचा वैरी

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मी एका संशोधन स्पर्धेत उतरले. विषय संगणकशास्त्राचा, पण त्यातल्या सैद्धांतिक भागाचा, म्हणजे सगळं काम वही-पेन्सिलीवर. दिघाशीच्या आमच्या घरी याची भरपूर थट्टा झाली. कॉम्प्युटर शिकते म्हणते आणि महिनाभर कॉम्प्युटर उघडलेला नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी चिडायचे. मला चिडायला फार लागत नाही.

माझं प्रमेय साधं होतं. एक माणूस अनेक यंत्रं सांभाळतो. यंत्रं केव्हाही अडतात आणि तो एका वेळी एकाच यंत्रापाशी असू शकतो. त्याने फिरावं कसं? अशा सिद्धतेत आम्ही एक वैरी कल्पून घेतो. त्याला तुमचा नियम ठाऊक असतो आणि तुम्ही जिथे नसाल नेमका तिथेच तो घोटाळा करतो. ठरलेल्या वाटेने फिरणारा माणूस त्याच्यापुढे हरतोच. पण दर फेरीला नाणं उडवून दिशा ठरवली, तर वैऱ्याची पंचाईत होते, आणि ती किती होते हे मी सिद्ध केलं होतं. अट एकच होती. नाण्याचा कौल वैऱ्याला आधी दिसता कामा नये.

परीक्षकांना खरं उदाहरण दाखवावं म्हणून मी शेजारच्या काकांना गाठलं. ते निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात वीसेक वर्षं लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, चालवत होते. मधे अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना चार-चार माग, आणि आठांच्या मधे काका एकटे. धागा तुटला की माग थांबवून जोडायचा, आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की क्रेटमधून सुताने भरलेली कांडी घेऊन घालायची. आवाज एवढा की आत सगळे ओठ बघूनच बोलतात. त्यात काकांचे कान अर्धे गेलेलेच होते.

पहिल्याच दिवशी मला गंमत दिसली. प्रत्येक फेरीआधी काका मान फिरवून, न बघता क्रेटमध्ये हात घालायचे. कांडीचं बूड पांढरं निघालं तर डावी रांग आधी, हिरवं निघालं तर उजवी. चहाला बाहेर आल्यावर मी विचारलं. ज्यांनी त्यांना काम शिकवलं त्या म्हाताऱ्या कारागिराची ही रीत होती म्हणे. धागा नेहमी आपल्या पाठीमागेच तुटतो, कारण 'त्यो' बघत असतो. कोण तो, ते काकांनी सांगितलं नाही आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीही विचारलं नाही.

"मलाच ठावं न्हाय कुठं वळनार," ते म्हणाले, "त त्याला कसं ठावं असंल?"

माझं दोन महिन्यांचं प्रमेय त्यांनी चहाच्या एका घोटात सांगून टाकलं होतं. मला आनंद झाला आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला.

दोन दिवस मी क्रेटच्या मागे स्टुलावर बसून नोंदी केल्या. काका वळले की दिशा लिहायची, मग धागा कुठे तुटला ते लिहायचं. धागे कुठेही तुटत होते, प्रमेयात म्हटल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. काकांचा हात दरवेळी क्रेटच्या एकाच कोपऱ्यात जातो, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. तिथल्या वरच्या कांडीच्या बुडाचा रंग मला बसल्या जागेवरून दिसायचा. वेळ वाचवायला मी दिशेचा रकाना आधीच भरायला लागले.

मी 'उजवी' लिहिलं. काकांनी हिरवी कांडी काढली, उजवीकडे वळले आणि त्यांच्या पाठीमागे डाव्या रांगेत धागा तुटला. पुढच्या फेरीला 'डावी' लिहिलं, तर उजवीकडे तुटला. तिसऱ्यांदा मला हसू आलं. पाचव्यांदा मानेवर गार काटा आला. भर दुपार होती, पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं.

मी आधी लिहिणं थांबवलं. धागे पुन्हा कुठेही तुटायला लागले. मी आधी लिहायला लागले, ते पुन्हा त्यांच्या पाठीमागे तुटायला लागले. आठही माग माझ्या पेनाकडे बघत असल्यासारखं वाटलं. तेव्हाच वही मिटून उठायला हवं होतं. पण मला आणखी एकदा खात्री करायची होती. मी 'डावी' लिहिलं.

काका डावीकडे वळले आणि उजव्या रांगेतल्या मागातून धोटा सुटला. लोखंडी टोकाचा तो लाकडी धोटा त्यांच्या खांद्यात बसला. ते खाली बसले ते माझ्या स्टुलाशेजारीच. माझ्या मांडीवर वही उघडी होती. शेवटच्या फेरीच्या ओळीखाली पुढच्या फेरीचीही दिशा लिहून झाली होती. काकांनी ती वाचली, मग क्रेटकडे बघितलं.

"आधी लिवतेस व्हय, बाय?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून घरी बसलेल्या काकांनी मला बोलावून घेतलं आणि एवढंच बजावलं, की हे सगळं स्पर्धेतल्या मोठ्या लोकांना सांग. शिकलेली माणसं आहेत, आधी बघणाऱ्यावर काहीतरी उपाय काढतील. परत त्याच गल्लीत उभं राहायचंय, आता भीती वाटते, असंही ते बोलले. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता.

स्पर्धेत मी पहिल्या दोन दिवसांचाच तक्ता लावला. तिसरा दिवस दाखवला असता तर परीक्षक हसले असते, असं मी स्वतःला समजावलं. एका परीक्षक बाईंनी विचारलं, वैऱ्याला कौल आधी दिसला तर काय? मग प्रमेय टिकत नाही, मी म्हणाले, पण प्रत्यक्ष कारखान्यात असं बघणारं कोणी नसतं. त्यांना उत्तर आवडलं. मला दुसरं बक्षीस मिळालं.

पेढे घेऊन मी काकांकडे गेले. खांदा सांधला होता, सोमवारपासून ते पुन्हा कामावर जाणार होते.

"सांगितलंस ना त्यांना?"

"हो."

"काय म्हनले?"

उपाय शोधतायत, मी म्हणाले. काकांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला, आणि मग पेढा घ्यायला बरा झालेला हात पुढे केला.