अभ्रकावरची चौथी खूण

“दोन्ही वेळा तुम्हीच मोजा म्हणतोय, बाई. त्यात एवढं काय?”

“सर, दुसऱ्यांदा मीच बघितलं तर मला पहिल्यांदा दिसलं तेच दिसणार.”

जड अणू एकमेकांवर आदळले, की त्यांचे तुकडे शेजारच्या अभ्रकात खुणा सोडून जातात. आधी दोन तुकडे होतात, मग त्यातला एखादा पुन्हा फुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणा मोजणं हे बाईंचं सव्वीस वर्षांचं काम. अभ्रकाची प्रत्येक पट्टी दोघींनी वेगवेगळी मोजायची, एकमेकींशी त्याबद्दल बोलायचं नाही, असा नियम. पलीकडच्या खोलीतली जोडीदारीण आणि बाई हळूहळू बाकीचंही बोलेनाशा झाल्या. संध्याकाळी दोघींचे आकडे जुळायचे, तेवढीच सोबत. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली.

“या पट्टीवर चार खुणा दिसतायत. म्हणजे दोन्ही तुकडे पुन्हा फुटलेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.”

“मग लिहा चार.”

“माझ्या एकटीच्या शब्दावर? उद्या मला भूत दिसलं, तर तेही लिहू?”

सर हसले.

बाईंनी आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. “तुम्ही बघा ना एकदा. मी आकडा सांगितलाच नाही असं समजा.”

सरांनी घड्याळ पाहिलं, फाईल उचलली आणि ते निघून गेले.