देवगिरीचं पोतं

हेमचंद्र जाधव रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. माल आला की प्रत्येक पोतं उघडून बघायचे. गेटबाहेर ट्रक खोळंबायचे. ड्रायव्हर याकूब ओरडायचा, "यल्ला जाधवसाब, खलास करो!" जाधव ढिम्म. "न बघता पोती घेतली म्हणून देवगिरी गेली," एवढंच म्हणायचे. याकूब पेशावरचा. देवगिरी हे कुठलं गोदाम, ते त्याला कधीच कळलं नाही.

जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज समजत. पुरावा म्हणजे आडनाव. गोष्ट सांगतात ती अशी : राजपुत्र फौज घेऊन सीमेवर गेला आणि इकडे खिलजी चालून आला. राजा रामदेवराय किल्ल्यात शिरला. धान्य म्हणून घाईघाईने वर चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ. राजा शरण गेला, पुढे वीसेक वर्षांत घराणंच बुडालं.

२००२च्या गणपतीत जाधवांनी दुबईच्या मंडळात याचं नाटक बसवलं. हरणारा राजा व्हायला कोणी तयार होईना. "जिंकलेलं काहीतरी करा ना, इतिहासात काय कमी आहे?" असं सगळ्यांचं म्हणणं. शेवटी राजा तेच झाले. मी मंडळातलाच, दाढी होती म्हणून खिलजी झालो. पोतं उघडणाऱ्या कोठाऱ्याच्या भूमिकेत मात्र त्यांना स्वतःचा मुलगाच हवा होता. तनिष इथेच वाढलेला. बापाने मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा घरचा शिरस्ता. महिन्याभरात तो शिकायला कॅनडाला जाणार होता.

"जायच्या आधी एकदा त्याच्या तोंडून मराठी ऐकू दे रे," जाधव मला म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

वाक्य एकच होतं : "महाराज, यात मीठ आहे."

"ओके बाबा, गॉट इट," तनिष म्हणाला.

खरं वाटावं म्हणून जाधवांनी मीठ तांदळाच्या पोत्यात भरलं. महाप्रसादाच्या मसालेभाताचे तांदूळही तसल्याच पोत्यात, शेजारीच ठेवलेले. जन्मभर लोकांची पोती उघडणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचं पोतं तेवढं न बघता स्टेजवर नेलं.

तनिषने दोरी कापली, मूठ बाहेर काढली आणि बघतच राहिला. राजा ओठांतल्या ओठांत "मीठ, मीठ" करत होता. पोराने मुठीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"महाराज, हे तर तांदूळ आहेत," तो म्हणाला. "खूप आहेत. तू घाबरू नको, बाबा."

लोक हसले, मग टाळ्या. जाधव सिंहासनावर बसून ढसाढसा रडत होते. शरणागती घ्यायला मी तलवार उपसून उभा. त्यांनी मला हातानेच जायची खूण केली. संहितेत हे नव्हतं, पण मी वेढा उठवला.

देवगिरी वाचली. तनिष ठरल्याप्रमाणे कॅनडाला गेला. पुढच्या खेपेला ट्रक आला तेव्हा जाधवांनी एकही पोतं न उघडता सही केली. साहेबांची तब्येत बरी नाही, असं याकूब सगळ्यांना सांगत सुटला.