ज्याचे त्याचे चौदा दिवस

नानांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा आम्ही मंचरच्या एका दवाखान्याबाहेर, चहाच्या बंद टपरीच्या सावलीत बसलो होतो. नाना म्हणजे माझे वडील. चार दिवस ताप, तोंडाला चव नाही, आणि त्या सकाळी नुसतं न्हाणीघरापर्यंत जाताना लागलेली धाप. डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "यांना आयसोलेशन. तुम्हा घरच्यांना क्वारंटाईन, चौदा दिवस."

मी मान हलवली. मी शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे शब्द कळला नाही असं सांगायची मला लाज वाटते. पण हे दोन शब्द वेगळे का, हे मला ठाऊक नव्हतं.

पेठ गावी आमच्या घरी नाना, आई आणि मी. धाकटा भाऊ सुनील चाकणला कंपनीत. तो थेट दवाखान्यात आला. तिथे माणसं कमी पडत होती, म्हणून पेशंटजवळ घरच्या एकाला राहू देत. तो राहिला. आईला साखरेचा त्रास, म्हणून मी तिला घेऊन परत आले. आमच्या दोघींची तपासणी निगेटिव्ह आली, तरी दाराला कागद लागला: गृह विलगीकरण.

दिवस मोकळे होते, हातात जाड शब्दकोश होता. क्वारंटाईन हा शब्द चाळीस या आकड्यावरून आला आहे. इटलीच्या बंदरांत साथीच्या काळी बाहेरून आलेली जहाजं चाळीस दिवस दूर नांगरून ठेवत. जहाजावरची माणसं आजारी असतीलच असं नव्हे. आहेत की नाहीत हे कळेपर्यंत थांबायचं. आयसोलेशन म्हणजे आजारी माणसाला वेगळं ठेवणं. क्वारंटाईन म्हणजे आजारी असेल-नसेल अशा माणसाला. दारावरचा मराठी शब्द दोघांनाही चालवत होते. हे वाचून मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं. निदान काहीतरी कळत होतं.

सुनील रोज फोनवर एसपीओटू सांगायचा. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून मोजतात ते, रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण. आकडा उतरत गेला. सहाव्या दिवशी दुपारी नाना गेले. अखेरपर्यंत सुनील त्यांना चमच्यानं पाणी पाजत होता. अंत्यविधी तिकडेच झाले. आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो.

आमच्याकडे दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद कडू घास आणतात. या वेळी डबे कुंपणाच्या भिंतीवर ठेवून माणसं मागे सरायची आणि तिथूनच आईशी बोलायची. सुनील मळ्यातल्या अवजारांच्या खोलीत राहिला. तिथेही डबाच जायचा.

कॅलेंडरवर मी पाहिलं, नानांचा दहावा आणि चौदा दिवसांचा शेवट एकाच तारखेला येत होता. मी त्या तारखेभोवती गोल केला. आई, मी, सुनील, तिघांसाठी एकच. त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही, कारण सुतक आम्ही असंच पाळतो. बाहेरगावच्याला उशिरा कळलं, तर त्याला उरलेलेच दिवस. सुटतात सगळे एकदम.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आशाताई आल्या. गावात घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन बघणाऱ्या. फाटकाबाहेरून त्यांनी विचारलं, "सुनीलभाऊंनी नानांना शेवटचा हात कधी लावला?"

मी सांगितलं.

"मग त्यांचे चौदा तिथून, ताई. तुमचे येगळे, त्यांचे येगळे. तुमचे सुटल्यावर त्यांचे अजून पाच दिवस हायेत."

जहाजांबद्दल वाचताना एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. प्रत्येक जहाजाचे दिवस ते आलं त्या दिवसापासून. बंदरातल्या जुन्या जहाजाबरोबर नवं सुटत नाही.

मी सुनीलला फोन करून सांगितलं की उद्या घरी येऊ नकोस. तो बरं म्हणाला. आई मात्र माझ्याकडे पाठ करून बसली. "बापाच्या दहाव्याला पोरगं दारात न्हाई. लोकं काय म्हनतील?"

तात्या, नानांचे धाकटे भाऊ, भिंतीपलीकडून बोलले, "घर एक, सुतक एक. त्या पोरानं काय येगळं पाप केलंय व्हय? का आता सुतकबी तुझ्या पुस्तकात बघून पाळायचं?"

मी चुकत असले, तर भावाला बापाच्या दहाव्यालाच परकं केलं होतं. चुकत नसले, तर आई वाचत होती. यातलं खरं कोणतं, हे मला आधी कळणार नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "आशाताईंनी बरोबर सांगितलंय. आईंना जपा."

दहाव्याला सुनील एकटाच ओढ्याकाठी बसला. गुरुजी लांबून सांगत होते, त्याप्रमाणे त्यानं पिंड दिले. आम्ही वरच्या बांधावर. आई सारखी पुढे सरत होती आणि मी तिचा पदर धरून ठेवला होता. विधी संपल्यावर सुनीलनं तिथूनच हात जोडले आणि तो मळ्याच्या वाटेला लागला. आई त्या दिवशी जेवली नाही.

दोन दिवसांनी सुनीलला ताप आला. तपासणी पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप चढण्याच्या दोन दिवस आधीपासून माणसाकडून लागण होऊ शकते. दोन दिवस आधी म्हणजे दहावा. मी फोन ठेवला आणि आई कुठे आहे ते बघायला उठले.

सुनील त्या खोलीतच बरा झाला. आईला काही झालं नाही. आशाताई रोज मळ्यापर्यंत चालत जात होत्या. त्यांचे आभार मी नीट मानले नाहीत, ते इथे मानते. तुमच्या घरावर अशी वेळ आली तर चौदा की चाळीस, हे डॉक्टरांना विचारा. कुठून मोजायचे, हेही विचारा. आणि प्रत्येकाचं वेगळं विचारा.

माझं बरोबर होतं असं आई मला कधी म्हणाली नाही. काही महिन्यांनी तात्यांच्या सुनेला लागण झाली. तात्यांचा फोन आला, तो आईनंच घेतला.

"भाऊजी, सुतकावानी समद्यांचं एकत्र धरू नका," ती म्हणाली. "सूनबाईपाशी शेवटचं कोन कवा व्हतं, ते सांगा आधी."

तात्या एकेक नाव सांगत गेले. आईनं मला कॅलेंडर काढायला लावलं आणि प्रत्येकाची तारीख वेगळी लिहून घेतली.