लिंबू-मिठानं घासलेली फरशी

माझ्या सासूबाई लोकांची भांडी घासायच्या. लग्नाआधी ही गोष्ट आमच्यापासून कोणी लपवली नव्हती, पण मी ती ऑफिसात कधी सांगितली नाही. कोणी विचारलंच तर "घरीच असतात" म्हणायचे. आता सांगते, कारण आता सांगून कोणाचं काही बिघडत नाही.

गोदाबाई त्यांचं नाव, माहेर गोंदियाकडचं. सासरे रायपूरला रेल्वेत रोजंदारीवर होते आणि पर्मनंट व्हायच्या आधीच गेले. तेव्हा माझा नवरा शेखर तीन वर्षांचा होता. पुरानी बस्तीत एका खोलीत राहून या बाईनं मंदिरातल्या समया आणि आसपासच्या मोठ्या घरांतलं पितळ घासलं आणि पोराला बी.कॉम. केलं. साबण, पावडर असलं काही त्यांनी स्वतःच्या घरात कधी विकत आणलं नाही. चुलीतली राख चाळून डब्यात, चिंचेचा चोथा बरणीत, पिळलेल्या लिंबाच्या साली उन्हात. घासायला नारळाची शेंडी. आरसा पुसायचा तो ओल्या वर्तमानपत्रानं. लोक म्हणायचे, गोदाबाईच्या हातचं पितळ सोन्याला लाजवतं, आणि खरंच लाजवायचं, मी पाहिलंय. त्या लिंबाच्या साली वाळत घालायच्या तेव्हा मी मनात हसायचे, तेही खरं.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि शेखरला सरकारी ऑफिसात नोकरी लागली. मी नागपूरची, लग्नानंतर मलाही इथल्या एका संस्थेत काम मिळालं. पाच-सहा वर्षांत आम्ही शंकर नगरात फ्लॅट घेतला. हॉलमध्ये पांढराशुभ्र संगमरवर, वाकलं की चेहरा दिसावा असा. सासूबाई एक लोखंडी पेटी घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या खोलीत आठ दिवसांत दुसरं बिऱ्हाड आलं, म्हणजे परतायला जागा उरली नाही. आता मरेपर्यंत आमच्याकडेच राहायचं होतं, आणि बसून खाणं या बाईला ठाऊक नव्हतं.

ती पेटी भर पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात राहिली. उचलली तर खाली गंजाचा तांबडा डाग. मी दोन दिवस धुसफुसले. एवढ्या हौसेनं घेतलेली फरशी पहिल्याच महिन्यात नासली, असं शेखरला म्हणायचे, पण आवाज त्यांच्या खोलीपर्यंत जाईल एवढा ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला गेलो आणि सासूबाईंनी लिंबं चिरली. गंजावर लिंबू-मीठ हा त्यांचा हुकमी इलाज. डाग निघाला. पण वाळल्यावर तेवढाच तुकडा निस्तेज दिसायला लागला आणि आजूबाजूचा लखलखत राहिला. त्यांना वाटलं, आपलं घासणं कमी पडलं. आणखी घासलं. ते जास्तच फिकं पडलं. मग निदान सगळं एकसारखं दिसावं म्हणून शेजारची फरशी घेतली, मग तिच्या शेजारची. पासष्टीची बाई दिवसभर गुडघ्यांवर होती. मध्येच खाली जाऊन भाजीवाल्याकडून आणखी लिंबं आणली, हे मागाहून कळलं. आम्ही सहाला आलो तोवर अख्खा हॉल पाटीसारखा खरखरीत झाला होता.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बोटांची सालटी निघालेली. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. "वाळलं का चमकते मंग," म्हणाल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मी म्हटलं, "आई, हे लोकांचं पितळ नाही, माझं घर आहे. माझ्या घरात कशालाही हात लावायच्या आधी मला विचारत जा."

"माझं" दोनदा म्हटलं मी. शेखर बूट काढत होता, तो काढतच राहिला.

पॉलिशवाला आला. त्यानं हिंदीत समजावलं की आंबट लागलं की पितळाचा नुसता काळेपणा जातो, पण संगमरवर स्वतःच झिजतो. सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. मशीन फिरलं आणि फरशी बरीचशी पहिल्यासारखी झाली. त्या मात्र बदलल्या. गिलास धुवू का, फडका घेऊ का, खिडकी उघडू का, सगळं विचारून. सुरुवातीला मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, अक्कल आली. मग त्यांनी विचारणंही सोडलं. भिंतीच्या कडेकडेनं चालायच्या आणि दिवसभर आपल्या खोलीत बसायच्या. मी कामाला बाई ठेवली आणि ठरवून टाकलं की म्हातारी रुसली आहे. रुसू दे. दोन वर्षं मी हेच धरून बसले.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. एका रविवारी सकाळी चहा घेऊन खोलीत गेले तर त्या पलंगाखाली उतरलेल्या. अंथरुणात लघवी झाली होती, फरशीवर ओघळली होती. उलथलेल्या तांब्यातल्या पाण्यात पदर भिजवून त्या एका हातानं ती पुसत होत्या. मी उचलायला वाकले तर अंग चोरलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"साध्या पाण्यानंच पुसून राहिली. मले काढू नको."

रुसवा कसला? भीती होती ती. रोज सकाळी उठून, आज काढतात की उद्या, अशी. आणि मी त्याच घरात दोन वेळा जेवत होते. मला स्वतःची शिसारी आली.

मी तिथंच ओल्यात बसले, त्यांना धरलं आणि म्हटलं, "आई, हे घर तुमचं आहे. तुम्हाला कोण काढणार?" पुन्हा पुन्हा म्हटलं.

"हव," त्या म्हणाल्या. हे त्यांचं छत्तीसगढी 'हो'. भांड्यांच्या घरी मालकिणीनं काहीही सांगितलं, शिव्या घातल्या किंवा उद्यापासून येऊ नको म्हटलं, तरी मान खाली घालून त्या हेच म्हणत आल्या होत्या. मलाही तसंच म्हणाल्या आणि उरलेलं पुसायला लागल्या.

त्यानंतर नऊ दिवस होत्या. त्या नऊ दिवसांत त्यांनी माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नाही.