बरणीतली कात

कोळीबाई मान खाली घालून चालायच्या. त्यामुळे त्या कॉलेजात आल्या तेव्हा पहिले दोन-तीन महिने सगळ्यांचा समज झाला, की बाई फार लाजाळू आहेत. 'अक्कलकोटकडच्या घरंदाज मुली अशाच असतात,' असा निर्वाळाही स्टाफरूममधल्या एकदोघांनी देऊन टाकला होता. मग एके दिवशी प्राचार्य फाटकापाशी कुणा पाहुण्यांना निरोप देत उभे असताना बाई पदर खोचून त्यांच्यासमोरच उकिडव्या बसल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "जरा पाय उचलता का? जाळं मोडतंय." तेव्हा उलगडा झाला. बाई लाजत नव्हत्या, गवत बघत होत्या.

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि कोळ्यांवर पीएच.डी. करत होत्या. 'कोळीबाई' हे मुलांनी ठेवलेलं नाव. मी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागलो त्याच आठवड्यात परीक्षेच्या कामाची एक यादी माझ्याकडे आली. सगळेच त्यांना कोळीबाई म्हणतात म्हणून मी 'श्रीमती कोळी' असं टाइप करून मोकळा झालो. बाईंनी यादी वाचली, खाली सही केली आणि कागद परत देताना म्हणाल्या, "आडनाव चुकलंय. धंदा बरोबर लिहिलाय." खरं आडनाव हजेरीपटावर सापडलं. मी यादी पुन्हा टाइप केली.

पुढे त्यांचं सगळं लेखन माझ्याकडेच येऊ लागलं. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "माने, तुम्हाला इंग्रजी कळतं का?" मी खरं ते सांगितलं, की टाइप करता येतं, कळत नाही. "बरं झालं," बाई म्हणाल्या, "ज्यांना कळतं ते दुरुस्त करतात." मग दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी मशीनपाशी बसायचो आणि बाई शेजारच्या खुर्चीवर. लॅटिन नावं आली की खाली रेघ मारायची. एक अक्षर चुकलं तरी पूर्ण पान नव्याने. खोडरबर त्यांना चालायचा नाही.

आपण काय टाइप करतोय हे या माणसाला माहीत असावं, असं बहुधा त्यांना वाटलं असणार. एका सकाळी त्या मला माळावर घेऊन गेल्या. आता जिथे जुळे सोलापूरच्या वसाहती पसरल्या आहेत तिथे तेव्हा नुसतं कुसळी गवत होतं. बहात्तरच्या दुष्काळात करपून गेलेला तो माळ दोन पावसाळ्यांनी पुन्हा हिरवा झाला होता. गवताच्या मुळाशी रुमालाएवढी पांढरी चादर ताणलेली, आणि तिच्या एका टोकाला नरसाळ्यासारखं भोक. बाईंनी गवताची काडी चादरीवर हलकेच टेकवली. नरसाळ्यातून एक करडा कोळी विजेसारखा बाहेर आला, काडीला शिवला आणि तितक्याच वेगाने आत गेला. "नोड्री," बाई म्हणाल्या. आनंद झाला की त्यांच्या तोंडून घरचं कानडी यायचं. 'बघा हो' असा त्याचा अर्थ.

मग त्यांनी मला भिंगातून त्या कोळ्याचं तोंड दाखवलं. असलं नरसाळं विणणाऱ्या कोळ्यांचं एक कुळ आहे, त्यांचे आठ डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतात. याचे तसे नव्हते. पुढे चार बारीक, त्यांच्यावर दोन टपोरे, आणि मागे आणखी दोन. हे लांडगा कोळ्याचे डोळे. लांडगा कोळी बहुतेक जाळं विणतच नाहीत, जमिनीवर हिंडून शिकार करतात. यांच्यातले थोडेच नरसाळं विणायला लागले. "लोक घर बघून माणूस कुठला ते ठरवतात," बाई म्हणाल्या. "घरावर जाऊ नका. डोळे बघा." मी डोळे बघितले. मला ते मोहरीच्या दाण्यांसारखे दिसले, आणि तसं मी सांगितलं. बाई खूश झाल्या. मोहरीचे दाणे हे निरीक्षण होतं, मत नव्हतं.

मताचं त्यांना वावडं होतं. 'वाटतं' हा शब्द कच्च्या मजकुरात आला की त्या तो स्वतःच्या हाताने काढायच्या. "दिसतं ते लिहायचं, वाटतं ते घरी बोलायचं," असं त्या मुलांना सांगायच्या. मी एकदा खिडकीतून बघून म्हणालो, "आज पाऊस येईल असं वाटतंय." बाई म्हणाल्या, "ढग आलेत म्हणा की." त्यात चेष्टा नव्हती. त्या खरोखरच सुचवत होत्या.

नवी जात सापडली ती हिप्परग्याच्या तलावामागच्या गवतात. तशा तीन माद्या बाईंनी आणल्या, स्पिरिटच्या नळ्यांत ठेवल्या आणि पाच-सहा महिने पुस्तकांशी ताडून पाहिल्या. कोळ्याची जात नक्की करायची तर मादीच्या पोटाखालची एक छोटी गडद पट्टी बघावी लागते. दर जातीत तिचा घाट निराळा. ती कुलूप, आणि नराकडे त्याच कुलपाची किल्ली. या तिघींची पट्टी कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नव्हती. लेख लिहून झाला. मी तो टाइप केला. नव्या नावाच्या दुसऱ्या शब्दात सोलापूर लॅटिन होऊन बसलं होतं, त्याच्याखाली रेघ मारताना मलाही जरा ताठ बसावंसं वाटलं. लेख कलकत्त्याच्या एका नियतकालिकाने स्वीकारला. विभागप्रमुख, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, ते बाईंचे मार्गदर्शकही होते. त्यांचं नाव लेखावर पहिलं होतं. गावच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. गॅदरिंगमध्ये प्राचार्यांनी बाईंना शाल आणि नारळ दिला. बाईंनी दोन्ही घेतलं आणि भाषण केलं नाही.

नवी जात सापडली खरी, पण नर सापडला नव्हता, आणि नुसत्या कुलपाचं वर्णन बाईंना अर्धवट वाटत होतं. म्हणून पुढच्या भाद्रपदात त्या पुन्हा तलावामागे गेल्या. नर मिळाला नाही. तसल्याच चार माद्या मिळाल्या. या वेळी त्यांनी त्या मारल्या नाहीत, जिवंत ठेवल्या. लोणच्याच्या काचेच्या बरण्या, तोंडाला मलमलीचं फडकं, आत माती आणि गवताची दोन ताटं. त्यांना माश्या पकडून घालायचं काम प्रयोगशाळेतल्या महिबूबकडे होतं. महिबूब पन्नाशीचा, मितभाषी माणूस. तो नवी पेठेतल्या एका मिठाईवाल्याच्या दारातून काचेच्या नळीत माश्या धरून आणायचा आणि हे आपलं काम आहे, असं कुणाला सांगायचा नाही.

एका सकाळी तो ऑफिसच्या दारात आला. मी आणि बाई हजेरीच्या कागदांवर काहीतरी बघत होतो. "बाई," महिबूब म्हणाला, "एका बरणीत दोन झालेत की."

"दोन कसे होतील?"

"मला काय ठावं? काल एकच होता. मी मोजून माशी घालतो."

आम्ही वर प्रयोगशाळेत गेलो. बरणीत खरंच दोन कोळी दिसत होते. एक नरसाळ्याच्या तोंडाशी, ओलसर, फिकट. दुसरा चादरीवर, पाय आवळून, पोकळ. बाईंनी फडकं सोडलं, चिमट्याने तो पोकळ कोळी अलगद उचलून काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ त्या उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कात टाकली हिनं."

महिबूबला आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. आवाज वर्गात असायचा तसाच होता. या कोळ्यांची मादी वाढताना पुष्कळदा कात टाकते, पण एकदा पूर्ण मोठी झाली की पुन्हा टाकत नाही. हिने टाकली, म्हणजे काल ती मोठी नव्हती. आणि टाकलेल्या कातीवर तीच पट्टी होती, जी स्पिरिटमधल्या तिघींची होती. म्हणजे त्याही मोठ्या नव्हत्या. कुलूप निराळं नव्हतं, अजून पुरतं घडलं नव्हतं.

"मग आता हिची पट्टी कशी हाय?" महिबूबने विचारलं.

"वाळू दे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बघितलं. ती आमच्या माळावरच्या नेहमीच्या कोळ्याची पट्टी होती, पुस्तकात कधीचीच छापलेली.

बाई तरीही थांबल्या. एकीवरून काही ठरवायचं नाही, म्हणाल्या. तीन आठवड्यांत दुसरीने आणि तिसरीने कात टाकली, त्यांचीही पट्टी तीच निघाली. चौथी मेली. त्या तीन आठवड्यांत बाईंनी शिकवणं, पेपर तपासणं, सगळं केलं. फक्त डबा खायला स्टाफरूममध्ये आल्या नाहीत. वर बरण्यांपाशी बसायच्या. महिबूब सांगायचा, डबा तसाच परत जातो.

हेडसरांशी बोलणं झालं तेव्हा मी तिथे होतो, कारण बाईंनीच पत्र लिहून घ्यायला मला बोलावलं होतं. हेडसर माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना शांतपणे समजावलं. "लेख छपाईला गेलाय. थिसिसचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे. वर्षभरात तुमची पदवी होईल, पुढची जागाही तुमचीच आहे. आत्ता गप्प राहा. छापून येऊ दे. पाच-दहा वर्षांनी कुणीतरी दुरुस्त करेल. शास्त्रात असंच चालतं."

"कुणीतरी म्हणजे कोण, सर?"

"कोणीही."

"त्या गवतात माझ्याशिवाय कोण जातंय?"

हेडसरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बाई, माझंही नाव आहे त्यावर."

"हो सर. म्हणूनच तुम्हाला आधी सांगतेय." आणि जरा थांबून म्हणाल्या, "सर, ती मोठी झालेली नव्हती."

हेडसरांनी खुर्ची मागे सारली. ते उठून गेले.

बाईंनी संपादकांना लिहिलेलं पत्र चार ओळींचं होतं. एव्हाना मला थोडं इंग्रजी कळू लागलं होतं, आणि तीच माझी चूक झाली. बाईंनी लिहिलं होतं, 'माझं निदान चुकलं.' मी टाइप करताना 'निदान चुकलं असावं असं वाटतं' केलं. त्यांना थोडी वाट राहावी, एवढाच माझा हेतू. बाईंनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. "माने," त्या म्हणाल्या, "तुम्ही हे माझ्या भल्यासाठी केलंत. पण मला वाटत नाही. मला दिसलं." मी कोरा कागद घेतला.

दहा-बारा दिवसांनी कलकत्त्याहून पोस्टकार्ड आलं. 'पत्र पोचले. लेख काढला.' बस, एवढंच. मला ते फार रुक्ष वाटलं. बाई मात्र ते कार्ड दोनदा वाचून म्हणाल्या, "किती छान लिहिलंय. एक शब्द जास्तीचा नाही."

त्यानंतर व्हायचं ते झालं. हेडसरांनी मार्गदर्शन सोडलं, थिसिस तसाच पडून राहिला, पुढची जागा दुसऱ्याला मिळाली. स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत विचारलं, शाल परत करणार का. बाईंनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी घडी घातलेली शाल घेऊन त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. प्राचार्य ओशाळले आणि त्यांनी ती घेतली नाही. बाईंनी ती महिबूबला दिली, त्याला सकाळी सायकलवर थंडी वाजायची म्हणून.

मग सलग तीन वर्षं त्यांनी त्या साध्या, सगळीकडे सापडणाऱ्या कोळ्याची पिल्लं वाढवली. अंड्यांची गोळी पाठीमागे चिकटवून फिरणारी आई, तिच्या पाठीवर बसून हिंडणारी पिल्लं, त्यांची प्रत्येक कात. प्रत्येक कातीनंतर पट्टी कशी दिसते, ते चित्र. मोठी कुठली आणि मोठी वाटणारी कुठली, हे ओळखायचं कसं, त्याचा सात पानांचा लेख झाला. त्यावर एकच नाव होतं. त्यात नवी जात नव्हती, पदवी मिळण्यासारखं काही नव्हतं, वर्तमानपत्रात काही आलं नाही. मात्र लेखाची प्रत मागणारी पत्रं पुढे बरीच वर्षं येत राहिली. पाकिटावर परगावची तिकिटं असत म्हणून मला ती आठवतात.

नंतर वडील आजारी पडले म्हणून बाई नोकरी सोडून अक्कलकोटला गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. ऑफिसात येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं टायपिंग चांगलं आहे, माने." सात वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली तेवढीच शाबासकी. दीड वर्षाने त्यांच्या भावाचं कार्ड आलं. काविळीने गेल्या. बेचाळीस वर्षांच्या होत्या.

कॉलेजात शोकप्रस्ताव करायचं ठरलं. तोवर प्राचार्य नवे आले होते. त्यांनी जुनी फाइल काढली, वर्तमानपत्राचं ते कात्रण वाचलं आणि मसुदा लिहून माझ्याकडे पाठवला. 'कोळ्याची नवी जात शोधून सोलापूरचे नाव विज्ञानात अजरामर करणाऱ्या' अशी सुरुवात होती. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"सर, हे खरं नाही. तशी जात नव्हती."

"अहो माने, माणूस गेलंय. चांगलं लिहायला हरकत काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग काय लिहायचं म्हणता?"

मी टाइप करून आणलेला दुसरा कागद पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, की बाईंनी आमच्या माळावरच्या एका साध्या कोळ्याची वाढ कातीगणिक नोंदवली. आणि एक नवी जात त्यांनी जाहीर केली होती, ती चूक असल्याचं त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं आणि त्यांनीच कळवलं.

प्राचार्य म्हणाले, "शोकप्रस्तावात माणसाची चूक लिहितात का?"

"लिहीत नाहीत, सर."

त्यांनी माझा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.